व्हॅलेच्या द्राक्षबागा पायी: रोज एक गाव, एक द्राक्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंडमध्ये चार दिवस हाताशी आहेत. सोबत आई-बाबा, दोघंही साठीच्या पुढचे. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि आई वाइनला हात लावत नाहीत. गाडी भाड्याने घ्यायची नाही. अशा मंडळींना व्हॅले खोऱ्यातल्या द्राक्षबागा पायी बघता येतील का, आणि कुठे काय प्यावं?

बघता येतील, आणि गाडी नाही ही तर जमेची बाजू. मी याच खोऱ्यात लहान लहान गट घेऊन चालतो. गाडीने आलेल्या मंडळींत एक चेहरा कायम उतरलेला असतो, तो म्हणजे चालवणाऱ्याचा. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी ०.५ आहे आणि पोलीस ती गांभीर्याने घेतात. उलट रोन नदीच्या काठाने जाणारी रेल्वे बहुतेक द्राक्षगावांपाशी थांबते. सिएर किंवा सियों, यांपैकी एका ठिकाणी चारही रात्री मुक्काम ठेवा आणि बॅगा हलवू नका. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रेल्वे आणि पिवळ्या पोस्टबस त्यातच येतात.

मार्तिन्यीपासून लॉयकपर्यंत साठ किलोमीटरच्या वर लांबीची आखीव द्राक्षवाट आहे. इंटरनेटवर तिचे फोटो पाहिले की ती पुरी करायचा मोह होतो. तो आवरा. ती सलग चालणारे लोक संध्याकाळी पायाला मलम चोळत बसतात आणि त्यांना वाइनचं काही आठवत नाही. रोज दोन-अडीच तासांची चाल, एक गाव आणि त्या गावाचं एक द्राक्ष, एवढंच पुरे. स्विस वाइनपैकी जेमतेम एक-दोन टक्के देशाबाहेर जाते, बाकीची इथले लोक स्वतःच संपवतात. म्हणजे इथे जे चाखाल ते पुण्या-मुंबईच्या दुकानात पुन्हा भेटण्याची आशा फारशी नाही. तेव्हा हावरटपणा करायचाच असेल तर किलोमीटरांचा नको, निवांत बसण्याचा करा.

चालायला निघण्याआधी खोऱ्याचा स्वभाव समजून घ्या. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला हिरवी कुरणं, गाई आणि बर्फ आठवतो. व्हॅले त्या कॅलेंडरातलं नाही. दोन्ही बाजूंच्या उंच शिखरांनी पाऊस अडवलेला, त्यामुळे सियोंला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो आणि तिथल्या टेकड्यांवर चक्क निवडुंग उगवतो. फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा खोऱ्यातून वाहतो आणि द्राक्षं पिकवायला हातभार लावतो. बागा बहुतांशी रोनच्या उजव्या तीरावर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर आहेत. उतार इतका उभा की दगडी बांध घालून पायऱ्या केल्याशिवाय माती टिकतच नाही. हे बांध चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले असतात, आणि काही तर माणसाच्या कित्येक पट उंच आहेत. दिवसा दगड तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. सप्टेंबरच्या संध्याकाळी बांधाला पाठ टेकून बसलात की हे अंगालाच कळतं. ही कोरड्या दगडकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. स्वित्झर्लंडमधल्या एकूण द्राक्षलागवडीपैकी सुमारे एक तृतीयांश या एकट्या कँटनात, म्हणजे स्विस प्रांतात, आहे.

पहिला दिवस सिएर ते साल्गेश. सहा किलोमीटर, अडीच तास. सुरुवात शातो द व्हिला या जुन्या गढीवजा वाड्यापासून आणि शेवट साल्गेशच्या त्सुमोफेनहाउस या जुन्या घरात. दोन्हीकडे व्हॅलेच्या वाइन संग्रहालयाचा एकेक भाग आहे. संग्रहालयाच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, त्या निघण्याआधी बघून घ्या. वाटेवर माहितीचे सुमारे ८० फलक लावलेले आहेत. सगळे वाचत बसलात तर अंधार पडेल. मी लोकांना फलकांपेक्षा वेलीपाशी जास्त वेळ थांबवतो.

कोर्नालें या लाल वाइनच्या द्राक्षाच्या एखाद्या वेलीशेजारी उकिडवे बसा. सप्टेंबरअखेर तिचे मणी काळसर निळे झालेले असतात. आता घड सोडा आणि खालची पानं बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग लालसर दिसला तर ती शरदाची रंगपंचमी नव्हे, मॅग्नेशियमची उणीव आहे. ही जात त्या बाबतीत फार नाजूक. शिवाय एका वर्षी भरभरून माल देईल आणि पुढच्या वर्षी रुसून बसेल. म्हणून विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी तिचा नाद सोडत आणला होता आणि ती नामशेष होता होता वाचली. आज तीच खोऱ्यातली सर्वांत मानाची लाल वाइन देते: गडद, काळ्या चेरीचा वास, आणि तरुण असताना जरा खरखरीत. दोन-चार वर्षं जुनी मिळाली तर तीच मागा. या द्राक्षाचा उल्लेख १३१३ च्या एका दस्तऐवजात सापडतो, अर्थात तेव्हा त्याला दुसरं नाव होतं.

सोबत नाशिक-सांगलीकडचं कुणी बागायतदार असेल तर ही वाट हमखास लांबते. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि वेलीला विश्रांती अशी नसतेच. इथे थंडी स्वतःच वेलीला झोपवते आणि वर्षाला एकदाच, हिवाळा संपताना छाटणी होते. मांडव नाही, माती वरून दिसेल अशी ठेंगणी झाडं आणि जुन्या तुकड्यांत तर प्रत्येक वेलीला एकच खुंट. तुकडेही किती लहान! वाटण्या होऊन होऊन बैठकीच्या खोलीएवढ्या जमिनीला वेगळा मालक. हे दृश्य आपल्याला काही नवीन नाही.

अर्ध्याच्या पुढे वाट रास्पी ओढ्याच्या घळीत उतरते आणि पलीकडे वर चढते. बाबांच्या गुडघ्यांची परीक्षा तेवढी इथे आहे. चालायच्या काठ्या असतील तर त्या इथे काढा आणि घाई करू नका. हा ओढा म्हणजे फ्रेंच आणि जर्मन भाषांची सीमा. अलीकडे बोंजूर, पलीकडे गुटन टाग. साल्गेशला पोचलात की तुम्ही पिनो नुआर या लाल वाइनच्या द्राक्षाच्या गावात आलात. या गावाने १९८८ मध्ये आपल्या पिनोसाठी ग्रां क्र्यूची, म्हणजे वरच्या दर्जाच्या वाइनची, कडक नियमावली आखली, बागेत किती माल धरायचा इथपासून. साधी दोल घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पिनो आणि गामे यांची ही मिश्र वाइन रोजच्या जेवणाला छान लागते. पण साल्गेशमध्ये बसून पिनो न चाखणं म्हणजे नागपुरात जाऊन संत्र्याला नाही म्हणण्यासारखं. परतीला रेल्वेने काही मिनिटांत सिएर.

रात्रीचं जेवण शातो द व्हिलामध्ये घ्या आणि जागा आधी राखून ठेवा. इथे वेगवेगळ्या डोंगरकुरणांवरची पाच राक्लेत चीझ एकामागून एक वितळवून ताटात खरवडतात. चीझमधला फरक जिभेला खरंच कळतो, आणि आईंनाही या जेवणात पुरेपूर मजा येईल. सोबत फांदां घ्यायची पद्धत आहे. फांदां म्हणजे शास्ला या द्राक्षाची हलकी, कोरडी पांढरी वाइन. नुसती प्यायली तर काहींना ती पाणचट वाटते, पण राक्लेतच्या तुपकट घासाबरोबर तीच नेमकी बसते. घट्ट, ओकमध्ये मुरवलेल्या वाइनची सवय असलेले लोक फांदांला नावं ठेवतात. ठेवू देत.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने सें-लेओनारला उतरा आणि क्लाव्होच्या बिसच्या कडेने सियोंपर्यंत चालत या. बिस म्हणजे डोंगरउतारावरून काढलेला पाट. हा पंधराव्या शतकातला असून आजही त्याच पाण्यावर बागा जगतात. पाट जवळजवळ सपाटीने जातो, म्हणून वाटही सपाट. बाबांना चार दिवसांत सर्वांत सुखाची चाल हीच. फक्त काही ठिकाणी एका बाजूला खोल उतार आहे. उंचीची भीती असणाऱ्याने आतल्या बाजूने, पाण्याला लागून चालावं.

धुळे-साक्रीकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या पाटांची व्यवस्था लगेच उमजेल. पाणी सगळ्यांचं, दुरुस्तीचे कष्ट सगळ्यांचे आणि पाळी ठरलेली. कुणाची पाळी किती तासांची हे पूर्वी लाकडाच्या पट्टीवर खाचा पाडून नोंदवत. काही पाटांवर पाण्याच्या जोराने फिरणारं चाक आणि त्याला जोडलेला लाकडी हातोडा असे. हातोड्याची टकटक ऐकू येतेय तोवर रखवालदार निर्धास्त. आवाज थांबला की वर कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला, मग रात्री-अपरात्रीही धावायचं. अशा पारंपरिक सिंचनाची नोंद २०२३ मध्ये युनेस्कोच्या त्याच यादीत झाली. ती स्वित्झर्लंडसह युरोपातल्या सात देशांच्या नावे आहे.

या वाटेवर बागांमधल्या जुन्या खोपट्या आहेत. इथे त्यांना गेरीत म्हणतात. पूर्वी अवजारं ठेवायला आणि पावसात आडोसा घ्यायला बांधलेल्या, आता त्यांतल्या काहींत मोसमात वाइन आणि थोडं खायला मिळतं. दिवस आणि वेळ आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर बंद दाराचा फोटो तेवढा मिळेल. इथे पेतित आर्विन या द्राक्षाची पांढरी वाइन मागा. मला विचाराल तर व्हॅलेत एकच वाइन प्यायची झाली तर हीच. सुरुवातीला चकोतऱ्याचा आंबटपणा, मग भरीव अंग, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना मिठाची कणी लागल्यासारखं. ते मीठ जाणवेपर्यंत दुसरा घोट घेऊ नका. ही जात वाऱ्याला हळवी, कोवळे फुटवे झटकन मोडतात. म्हणून तिला आडोशाच्या, चांगल्या जागा द्याव्या लागतात आणि बाटली फांदांपेक्षा महाग पडते.

चालायला निघण्याआधी सें-लेओनारचं भूमिगत तळं बघून घ्या. सुमारे तीनशे मीटर लांबीच्या गुहेतल्या पाण्यावरून नावेतून फिरवतात. वाइनशी काही संबंध नाही, पण आतला गारवा बरा वाटतो.

तिसरा दिवस फिस्परटर्मिनेन. फिस्पला रेल्वेने आणि तिथून पोस्टबसने वर. इथल्या बागा सुमारे ६५० मीटरपासून ११५० मीटरपर्यंत चढत जातात. युरोपातल्या सर्वांत उंच द्राक्षबागा अशी जाहिरात सगळीकडे दिसेल. टेनेरिफ बेटावर आणि सायप्रसमध्ये याहून उंचावर वेली आहेत, त्यामुळे तो दावा कानाआड करा आणि बागा बघा. आपल्या राजगडाच्या माथ्यापेक्षाही ७०० मीटर खालून सुरू होऊन जवळपास महाबळेश्वरच्या खांद्याला भिडणाऱ्या, इवल्या बांधांच्या पायऱ्या. द्राक्ष हाइडा, म्हणजे फ्रान्सच्या ज्युरा भागात ज्याला साव्हान्यँ म्हणतात तेच. पिवळट, भरीव आणि उंचीमुळे धारदार. वरच्या गावातून फिस्पपर्यंत उतरायला वाट आहे, पण ती जवळजवळ ७०० मीटरचा उतार आहे आणि बाबांना मी त्या वाटेने मुळीच पाठवणार नाही. उतरायचं तर तुम्ही उतरा. आई-बाबांनी बसने येऊन गावच्या सहकारी सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनवण्या-साठवण्याच्या जागी, बसावं. या सेलरमुळेच छोट्या छोट्या तुकड्यांची ही शेती टिकली आहे.

चौथा दिवस मोकळा ठेवा आणि मनाप्रमाणे निवडा. मी असतो तर सिएरहून पोस्टबसने ग्रिमेंत्सला गेलो असतो. वरच्या आनिव्हिए खोऱ्यातले लोक पूर्वी वर्षातून ठरावीक वेळी खाली सिएरला उतरत, तिथे त्यांच्या मालकीच्या बागा होत्या, आणि बासरी-ढोलाच्या तालावर बागेत खणणी करत. तयार वाइन खेचरांवरून वर नेऊन लार्च लाकडाच्या पिंपांत ठेवत. पिंप कधी रितं करायचं नाही. थोडी काढायची आणि तेवढीच नवी भरायची. ही झाली ग्लेशियरची वाइन. ग्रिमेंत्सच्या ग्रामघरातलं बिशपचं पिंप म्हणतात ते १८८६ पासूनचं आहे. ती बाजारात विकत मिळत नाही, ग्रामघर दाखवतात तेव्हा पिंपाजवळच चाखायला देतात. त्यासाठी पर्यटन कार्यालयात आधी चौकशी हवी. अक्रोड, राळ आणि हवेने मुरलेला आंबटपणा, अशी चव आहे. पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं.

तेवढ्या वर जायचं नसेल तर फ्युली आणि सायों ही गावं (सायों वेगळं, मुक्कामाचं सियों वेगळं). फ्युली हे पेतित आर्विनचं माहेर, आणि ऑक्टोबर उजाडला की तिथे भाजलेले चेस्टनट, चीझ आणि फळं असं ताट मिळतं. सायोंच्या टेकडीवर तीन वेलींची बाग आहे, फारिने नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या खोटी नाणी पाडणाऱ्याच्या स्मरणार्थ. १९९९ पासून तिची मालकी दलाई लामांकडे आहे. फोटो काढा आणि पुढे व्हा. वेत्रो गावात आमिन्य नावाचं द्राक्ष पिकतं, ते जगात इतरत्र फारसं कुठे नाही. तिथल्या बाटलीवर मधमाश्या छापलेल्या असतात. एक माशी म्हणजे कोरडी, दोन म्हणजे किंचित गोड, तीन म्हणजे चांगलीच गोड. गोड वाइन आवडणाऱ्याने तीन माश्यांची घ्यावी आणि कुणाची पर्वा करू नये.

आता आईंचं. मोसम काढणीचा आहे, त्यामुळे ताजा द्राक्षरस, ज्याला फ्रेंच भागात मू म्हणतात, बऱ्याच ठिकाणी मिळेल. तो किण्वायला लागलेला नाही ना एवढं विचारून घ्या, कारण दोन-तीन दिवसांतच त्यात अल्कोहोल तयार होऊ लागतो. जर्दाळूचा रस बारमाही मिळतो आणि इथले जर्दाळू खरोखर चांगले. खाण्यात व्हॅलेचं थंड ताट मागवलंत तर त्यात वाळवलेलं गोमांस असतं, हे आधीच लक्षात असू द्या. पारंपरिक चीझमध्ये दूध घट्ट करायला बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, म्हणून घरात कडक शाकाहार असेल तर राक्लेतचाही विचार करावा लागेल. जर्मन भागात कोलेरा अशा भयंकर नावाची एक पाई, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, मिळते. बटाटा, लीक, सफरचंद आणि चीझ असं तिचं सारण. बेकन नाही ना, एवढं विचारा.

सेलरमध्ये जाताना आदल्या दिवशी फोन किंवा इमेल करा. तुमच्या आठवड्यात सगळे काढणीत बुडालेले असणार, कुणाला उभं राहून बोलायलाही वेळ नसेल, आणि रविवारी बहुतेक दारं बंद. मे महिन्यात असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या जोडून सुट्टीत संपूर्ण खोऱ्यातली सेलर्स खुली असतात, पण गर्दी मरणाची. चाखताना हलक्या पांढरीपासून गडद लालकडे जा आणि थुंकायचं भांडं निःसंकोच वापरा, त्यात अपमान कुणाचाच नाही. चार वाइन फुकट चाखून रिकाम्या हाताने निघणं मात्र बरं दिसत नाही, एखादी बाटली घ्याच. साधारण १५ फ्रँकच्या आसपास फांदां मिळते, चांगलं कोर्नालें २५ ते ३५ पर्यंत जातं. रेस्टॉरंटमध्ये वाइन डेसिलिटरवर मागवतात. एक डेसी म्हणजे १०० मिलिलिटर, त्यामुळे तीन-चार वाइन चाखायच्या तर अख्खी बाटली फोडायची गरज नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. इकडे तिकडे बघत प्यायलात तर इथले लोक मनात नोंद करतात.

उन्हाला कमी लेखू नका. दक्षिणमुखी बांधांमध्ये सप्टेंबरातही दुपारी भट्टी होते आणि सावली जवळपास नाही. सकाळी नऊला निघा. टोपी, दीड लिटर पाणी आणि घट्ट तळाचे बूट घ्या, बांधाच्या कडेची खडी सपाट सॅंडलमधून निसटते. गावागावांत हौद आहेत, पाणी पिण्याचं नसेल तर तिथे तशी पाटी असते. पिवळ्या पाट्यांवर लिहिलेले चालण्याचे तास विश्रांती न धरता दिलेले असतात, साठीच्या मंडळींनी त्यात निम्मा वेळ वाढवावा. आणि कितीही पिकलेला घड समोर लोंबत असला तरी तोडायचा नाही. एक तर ते कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं फळ, दुसरं म्हणजे त्यावर कधी फवारणी झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

घरी न्यायचं म्हणाल तर भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी त्यात बसत नाही. बाटल्या मोठ्या बॅगेतच टाकायच्या, मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. त्या दोनांतली एक पेतित आर्विन आणि दुसरी कोर्नालें घ्या. फांदां इथेच पिऊन संपवा.